शोभाबाईंचा अर्धा डाव

आर्वीच्या एस.टी. डेपोत प्रभाकररावांनी एकतीस वर्षं गाड्या सोडल्या. चालवायचे ड्रायव्हर, पण कोणती गाडी कोणत्या फलाटावरून कधी सुटेल, ते प्रभाकरराव सांगत. एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या घरातला कॉम्प्युटर मात्र बटण दाबल्यावर चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी सुटायचा नाही.

मुलगी मैत्रेयी बंगळूरला. ती वैतागली. "बाबा, तुमचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझी ऑफिसची वेळ होते. आपण बोलायचं कधी?"

म्हणून ताराचंद आला. बाजारपेठेत त्याचं दुरुस्तीचं दुकान. त्याने विड्याच्या पानाएवढी नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवली, रॅम वाढवली. कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत सुरू! प्रभाकररावांनी मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं आणि मान डोलावली. मग विचारलं, "अन् जुनी डिस्क?"

"आतच आहे नं काकाजी. दुसऱ्या जागी लावली."

पण ती दिसेचना. ताराचंदने दोनदा बंद-चालू केलं आणि हात झटकले. "खतम झाली ते. बारा वर्षं चालली, लय झालं. आता तिची तेरवी करून टाका." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. प्रभाकररावांच्या बायकोला, शोभाबाईंना, जाऊन सव्वा वर्षच झालं होतं. "होतं काय पण त्या डिस्कमध्ये?"

"कागदपत्रं," प्रभाकरराव म्हणाले.

कागदपत्रं कसली! तिच्यात पत्ते होते. शोभाबाई रोज दुपारी भांडी आवरली की कॉम्प्युटरवर एकटीचा पत्त्यांचा डाव मांडत. प्रभाकरराव मागच्या स्टुलावर बसून सूचना सोडत. "बदामची सत्ती त्या काळ्या अठ्ठीवर घे नं."

"मले दिसते. चूप बसा तुमी. हा काय तुमचा डेपो हाय?"

शोभाबाईंना दवाखान्यात नेलं त्या दुपारीही डाव अर्धाच होता. "येऊन खेळतो," म्हणत त्यांनी तो तसाच बंद केला. जुन्या कॉम्प्युटरला अर्धा डाव ध्यानात ठेवायची सवय होती. प्रभाकररावांनी मात्र नंतर तो कधी उघडून पाहिला नव्हता. आहे, एवढं पुरे होतं. आता तो आहे की नाही, तेच कळेना.

तीन दिवस त्यांनी एकट्याने चौकशी चालवली. गाडी डेपोत आहे, पण फलाटाला लागत नाही, म्हणजे रस्त्यात काहीतरी अडलंय. कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला, तर जुनी डिस्क आत घरघरत होती. जिवंत होती म्हणजे! चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी वायर भिंतीतून काढली, डबा आडवा केला, त्याचं झाकण काढलं आणि चष्मा लावून, बॅटरी धरून आत डोकावलं.

आत कुंकू होतं. हळद होती. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या.

दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा होई, तशी घरी शोभाबाई कॉम्प्युटरची करत. "तुमच्या लाल डब्याले हार अन् माह्या मशिनीले काहीच नाई?" असं म्हणून डब्याच्या जाळीवर मूठभर अक्षता टाकत. त्या अक्षता गेल्या कुठे, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

जुन्या डिस्कची, विजेची नव्हे तर माहिती नेणारी, तार त्यांनी हलक्या हाताने ओढून काढली. ताराचंदने नव्या डिस्कला पहिली जागा दिली होती आणि जुनीची तार शेजारच्या, वर्षानुवर्षं रिकाम्या खाचेत खुपसली होती. खाचेत पिवळा पडलेला तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. तार पूर्ण आत जाणार कशी? शिवणाच्या डब्यातली सुई आणून त्यांनी तो उचकटला. टाकवेना, खिशात ठेवला. तार आत दाबली. टक्क झालं.

सुरू होताना कोणत्या डिस्कला आधी सोडायचं, त्याची यादी पडद्यावर येते, हे ताराचंदने दाखवलं होतं. प्रभाकररावांनी जुनीला सोडलं. ती आपल्या जुन्या चालीने निघाली. त्यांनी चहा केला, प्याला, कप विसळला. पत्त्यांचा खेळ उघडला. मागचा डाव पुढे चालवायचा का, असं खेळाने विचारलं. प्रभाकररावांनी 'हो' दाबलं.

सात ओळी पत्ते. जसे सोडले, तसे.

ते सवयीने उठले आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसले. पुढची खुर्ची रिकामी. तिसऱ्या ओळीत चौकटची पंजी उघडी होती, पाचवीत किल्वरची छक्की. लहान पोरालाही दिसेल अशी चाल.

"पंजी घे नं तिकडे," ते म्हणाले.

चूप बसा, असं कोणी म्हणालं नाही.

"घे नं, शोभा," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.