उतारावरचे दोन भोपळे

आमच्या ह्यांना वनखात्यात सगळे 'कान' म्हणतात. सव्वीस वर्षं एकच काम: पहाटे जंगलात ठरलेल्या जागी उभं राहायचं, दहा मिनिटं ऐकायचं आणि कुठला पक्षी किती वेळा ओरडला ते कागदावर मांडायचं. दाट झाडीत पक्षी दिसतो कुठे? घरात मात्र हाका मारून मारून माझा घसा बसतो. पण नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात कुठली बाई नवल मानेल? मीही मानलं नाही, आणि तिथेच चुकले.

त्या दिवशी वेळ सांभाळणारा त्यांचा जोडीदार पाय मुरगळून घरी बसला होता. मोजणीला दोन माणसं लागतातच.

"तू चल. घड्याळ धरायचं आणि तोंड मिटायचं, एवढंच काम."

"पहिलं जमेल," मी म्हटलं. हे हसले नाहीत.

हसणार कसे? पलीकडच्या उतारावर अंगठ्याएवढा एक पक्षी राहतो. आवाज इतका बारीक, की खात्यातले लोक त्याला सुई म्हणतात. दोन वर्षं ह्यांनी सुईपुढे भोपळा मांडला होता. यंदा तिसरा आला, की उतार रिकामा ठरणार आणि रस्त्यासाठी झाडं पडणार. बुंध्यांवर लाल पट्टे मारूनही झाले होते.

हे त्याच उतारावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले, डोळे मिटले आणि बोट वर केलं. मी घड्याळाचं बटण दाबलं.

आधी नुसता ओढा ऐकू येत होता. मग सुतारपक्ष्याची ठकठक. ह्यांनी कागदावर रेघ मारली. कावळा, रेघ. चौथ्या मिनिटाला डोक्यावरून बारीक 'त्सी' आलं, पाटीवर पेन्सिल करकरावी तसं. मी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. पेन हललं नाही. पुन्हा 'त्सी'. पेन तिथल्या तिथे. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मध्ये बोललं की मोजणी बाद आणि त्या जागेवर वर्षभर पुन्हा मोजणी नाही. मी ओठ दाबून धरले. सातव्या मिनिटाला तिसऱ्यांदा, लगेच चौथ्यांदा. हे शांतपणे ओढा ऐकत होते.

घड्याळ वाजलं. पीं पीं पीं, चांगलं दहा-बारा वेळा. हे डोळे मिटून तसेच उभे.

मी त्यांच्या कोपराला हात लावला.

"झाली दहा मिनिटं?" त्यांनी कागद पाहिला. चेहरा एकदम उतरला. "नाही आली. संपला उतार."

"अहो, चारदा ओरडली."

"उगाच माझी समजूत काढू नकोस."

"देवाशपथ! ही आत्ता परत. ती बघा, वाळक्या फांदीच्या टोकाला."

त्यांनी चिडून दुर्बीण लावली. बराच वेळ खाली घेतली नाही.

"चोच उघडतेय," हे म्हणाले. मग अगदी हळू, "मिटतेय. परत उघडतेय."

मला प्रत्येक 'त्सी' लख्ख ऐकू येत होतं. त्यांना एकही नाही. मला रडू आवरेना.

पण संसार करणारी बाई रडता रडताही हिशोबी असते. ह्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

"चार रेघा मारा आणि चला. कोणाला कळतंय?"

"आणि मागचे दोन भोपळे?"

"ते विसरा आता."

"अगं, ते बघूनच पट्टे मारलेत ना झाडांवर. मी म्हटलं म्हणून."

हे दगडावर बसले. कागद गुडघ्यावर ठेवला. लिहायला नको तितका वेळ लागला. मग कागद माझ्यापुढे धरला.

'सुई: मला शून्य, सोबत असलेल्या पत्नीस चार. पक्षी डोळ्यांनी पाहिला, आवाज आला नाही. मागील दोन वर्षांचे माझे आकडे ग्राह्य धरू नयेत. झाडे तोडण्यापूर्वी माझे कान तपासावेत.'

"शुद्धलेखन बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.