बेंबी बसवणाऱ्या काकू

"उपाशी आली नं?"

भिलाईच्या हुडको कॉलनीत काकूंच्या दारात पाऊल टाकलं की हा पहिला प्रश्न. चहाचा घोट जरी घेतला असला तरी हाकलून द्यायच्या. "भरल्या पोटी बेंबी बसत नसते. उद्या ये."

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. कुणी जड उचललं, पोट दुखायला लागलं, की बेंबी सरकली म्हणायचं आणि यांच्याकडे जायचं. चटईवर निजवून त्या दोन्ही पायांचे अंगठे जुळवून पाहायच्या, मग बेंबीत अंगठा दाबून धडधड शोधायच्या. मी हॉस्पिटलात नर्स, माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी दोनदा जाऊन निजले होते. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चाळिशीतल्या काकूंच्या स्वतःच्या बेंबीत बोराएवढी काळी-निळी गाठ होती. तीही त्या रोज सकाळी दाबून बसवायच्या. "जगाची बसवून राहिली मी, आपलीच ऐकत नाही," म्हणून हसायच्या. एकदा म्हणाल्या, "महिन्याच्या महिन्याले फुगते वो सिस्टर. तेव्हा रक्त बी येते थोडंसं."

मी म्हटलं, हर्निया असेल, दाबून दाबून सोललं असेल. 'महिन्याच्या महिन्याले' हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. नर्स म्हणे!

दुखणं वाढलं तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. सर्जनही हर्नियाच म्हणाले. थिएटरच्या दारात काकूंनी माझा हात धरला. "बेंबी राहील नं? नाही तं बाया माह्याकडे कायले येतील?"

"राहील," मी म्हटलं. कुणाला विचारलंही नव्हतं.

हर्निया होताच. पण गाठ निराळी निघाली. गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं ना, तसलंच मांस बेंबीत वाढलं होतं, म्हणून पाळीबरोबर सुजायचं, वाहायचं. बेंबी पुरी काढावी लागली. रिपोर्ट मी वाचला, घडी करून फाइलमध्ये ठेवला. काहीच वाटलं नाही. ड्यूटी संपवून घरी आले, भात लावला.

काकूंचं दुखणं गेलं. बायाही गेल्या. "खुद की तो है नहीं, हमारी क्या बैठाएगी?" असं नळावर एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या. मी बादली भरली आणि निघाले.

काकू कुम्हारीला भावाकडे कायमच्या जायला निघाल्या. आदल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम उपाशी गेले. चटई गुंडाळून दोरीने बांधली होती.

"काकू, पोट दुखून राहिलं. बसवा नं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि पोह्यांची प्लेट घेऊन आल्या.

"खा," म्हणाल्या. "आता कायले उपाशी राहतं?"

मी खाल्ले. 'राहील' असं मी का म्हटलं, ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. प्लेट रिकामी झाली तशी त्यांनी आणखी वाढले.