खोक्यातला कागद

रंगनाथ खांबेटे समोर आलेलं कुठलंही छापील अक्षर वाचल्याशिवाय सोडत नाही. एकोणचाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर ती खोड आम्हा मित्रांवर मोकळी सोडली. लग्नपत्रिका हातात पडली की आधी चुका काढणार, मग वधूवरांची नावं बघणार. कसब्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानातली पाटीसुद्धा त्याने एकदा खडूने दुरुस्त केली, आणि वर मलाच म्हणाला, "बाळ, गिऱ्हाईक पळवायचं असेल तर निदान शुद्ध मराठीत पळव."

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूखालच्या ग्रंथीवर एक गाठ निघाली. ती नाकावाटे काढली, साधीच होती, पण त्यानंतर त्याच्या शरीरात पुरुषांचं हार्मोन तयार होणं जवळपास थांबलं. जिना चढताना त्याच्या पायातलं बळ जायचं, हाडं ठिसूळ व्हायला लागली. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचं जेल लिहून दिलं. रोज सकाळी अंघोळीनंतर एक पुडी खांद्यांना लावायची आणि ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं. कमी पडलेलं बाहेरून भरायचं, इतकं सरळ प्रकरण. पण रंगनाथने चिठ्ठी काउंटरवर पालथी ठेवली आणि दुकानात दुसरं कोणी नाही हे दोनदा बघून घेतलं.

"द्वारकाला कळता कामा नये," तो बायकोबद्दल म्हणाला. "म्हातारचळ लागलाय म्हणतील लोक."

त्याच वेळी मी त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. पण मला त्याची कीव आली आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली. मी खोकं फोडलं, पुड्या बाहेर काढल्या, आतल्या माहितीच्या कागदासकट खोकं केराच्या टोपलीत टाकलं आणि पुड्या सांधेदुखीच्या मलमाच्या रिकाम्या खोक्यात भरून दिल्या. "खांदा दुखतो म्हणून सांग घरी," असंही मीच सुचवलं. रंगनाथ खूश झाला. पुढे दर महिन्याला हेच. गिऱ्हाइकाची लाज राखणं हा आमच्या धंद्याचा धर्म, असं मी स्वतःला सांगायचो.

त्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे. जेल लावलेला भाग कपड्याने झाका, लहान मुलांचा त्याला स्पर्श होऊ देऊ नका. डॉक्टरांनीही तेव्हा विचारलं होतं, घरात लहान मूल आहे का? नव्हतंच. त्याचा मुलगा तेजस आणि सून अस्मिता बंगळुरूला होते. गेल्या वर्षी ती दोघं वारज्याला राहायला आली, आणि ऑफिसला जाताना चार वर्षांच्या स्वरालीला रोज सकाळी आजी-आजोबांकडे सोडू लागली.

रंगनाथची सकाळ ठरलेली. मंडईतून फुलं आणि दूर्वा आणायच्या, मग अंघोळ. घरात कडी लावून एकट्याने उभं राहावं अशी जागा न्हाणीघर, म्हणून जेल तिथेच लावायचं. तिथून तसाच सोवळं नेसून, उघड्या अंगाने पूजेला. देवापुढे शिवलेला कपडा घालायचा नाही ही वडिलांची शिस्त. सोवळ्यात असताना द्वारकावहिनींनाही तो शिवू देत नाही, पण नातीला सगळं माफ. पोरगी आली की थेट त्याच्या मांडीत. पाठ त्याच्या छातीला, गाल त्याच्या खांद्यावर, आणि एकेक फूल त्याच्या हातात देणार. अथर्वशीर्षाची आवर्तनं संपेपर्यंत तिथून हलायची नाही. मी कितीदा ते पाहिलं आणि कौतुक केलं. उभा जन्म औषधं विकण्यात गेला माझा, पण डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

फेब्रुवारीत रंगनाथचा रक्ताचा रिपोर्ट आला. हार्मोन कमीच होतं. डॉक्टरांनी एकाच्या दोन पुड्या केल्या. मीही मुकाट दोन-दोनच्या हिशेबाने मलमाचं खोकं भरून दिलं.

जूनमध्ये एका संध्याकाळी अस्मिता दुकानात आली. डोळे सुजलेले होते.

"बाळकाका, स्वरालीला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतोय. तोंडावर पुटकुळ्या, पायांवर काळी लव. चार महिन्यांत दोन फ्रॉक आखूड झाले. रक्तात पुरुषांचं हार्मोन वाढलंय म्हणतात. पोटात गाठ असू शकते. शुक्रवारी तिला गुंगीचं औषध देऊन स्कॅन करणार आहेत." मग रडता रडता जराशी हसली. "डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी हार्मोनचं जेल लावतं का. मी म्हटलं, आमच्या घरात कोण लावणार! बाबांना यातलं काही सांगू नका हं, त्यांना झेपायचं नाही."

मी मान डोलावली. त्या जेलच्या पुड्या माझ्याच दुकानातून जात होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी आधी रंगनाथचं घर गाठलं. पूजा चालली होती आणि स्वराली रोजच्या जागी बसली होती. मी चपला काढायच्या आधीच ओरडलो, "रंग्या, तिला खाली ठेव!"

दोन वाक्यांत सांगून झालं. रंगनाथने हातातली पळी ताम्हनात ठेवली. स्वरालीला उचललं ते हात लांब करून, अंगाला लागू न देता, आणि पाटावर ठेवलं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. तिला जवळ घ्यायला त्याचे हात पुढे झाले आणि तसेच मागे गेले.

त्याच संध्याकाळी त्याने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. मला बरोबर राहायला सांगितलं होतं, म्हणून मी दाराशी उभा होतो. काही आडपडदा न ठेवता, औषधाचं नाव घेऊन, काय लावतो आणि का लावतो ते त्याने सांगितलं. तेजस खाली मान घालून ऐकत होता.

द्वारकावहिनी म्हणाल्या, "अहो, तीन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या खांद्याला शेक देतेय."

अस्मिता रडत नव्हती आता. तिने विचारलं, "बाबा, औषधाच्या खोक्यात कागद असतो. त्यावर हे लिहिलेलं नव्हतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "होतं. मी वाचला नाही."

"तुम्ही? छापलेला कागद?"

"नाही वाचला."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. जिना उतरताना तो हळूच म्हणाला, "तुझं दुकान आहे बाळ, पेठेत नाव आहे. शिव्या खायला मी एकटा पुरे." आणि मी हे ऐकून घेतलं. याची मला आजही शरम वाटते.

स्वरालीच्या डॉक्टरांनी स्कॅन थांबवलं. दीड महिन्याने पुन्हा तपासलेलं तिचं रक्त नॉर्मल आलं, तेव्हा अस्मिताने पेढे वाटले. पण हाताच्या एक्स-रेमध्ये तिची हाडं वयाच्या दीड वर्ष पुढे गेलेली दिसली होती. ती मागे येत नाहीत. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं, उंची लवकर खुंटत नाही ना ते. रंगनाथचं जेल बंद झालं, त्याला आता तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. अंगावर नीट वाळायच्या आतच जेल पुसलं जात होतं, म्हणून प्रमाण कमी दिसत होतं, असं डॉक्टर म्हणाले. कुठे पुसलं जात होतं ते कोणी विचारलं नाही. नव्या रिपोर्टात त्याचं प्रमाण पहिल्यांदाच हवं तितकं आलं. तरी रंगनाथ हल्ली पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पूजेला बसतो. वडिलांची शिस्त मोडली ती मोडलीच. आजोबांच्या अंगाचं औषध ओलं आहे, असं सांगून स्वरालीला तेव्हा वेगळ्या पाटावर बसवलं होतं, ती अजून तिथेच बसते.

परवा अस्मिता स्वरालीसाठी खोकल्याचं औषध घ्यायला आली. खोकं तिथेच उघडून तिने आतला कागद पसरला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. हे आता ती दरवेळी करते.

"बाबांनी कागद वाचला नाही हे मला अजून पटत नाही, काका," ती म्हणाली. "ते बिस्किटाचा पुडासुद्धा वाचतात."

"अस्मिता, तो कागद त्यांच्या हाती गेलाच नव्हता," मी म्हणालो. "मी तो टाकून देत होतो. दर महिन्याला. खांदेदुखीची थापही माझीच."

तिने कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली, खोक्यात सारली, खोकं काउंटरवर ठेवलं आणि औषध न घेताच निघून गेली. मी हाक मारली नाही.

आज सकाळी रंगनाथ आला. ओरडेल असं वाटलं होतं, पण तो स्टुलावर बसून राहिला.

"अस्मिता आज ऑफिसला न जाता थांबली," तो म्हणाला. "पूजेच्या वेळी स्वरालीला म्हणाली, जा, बस आजोबांच्या मांडीवर."

"मग?"

"ती लांब तिच्या पाटावरच बसली. फुलांची परडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, आजोबा, तुमचं औषध वाळलं की मला हाक मारा."