निळूची कुंची

आक्का गेल्याचं सांगायला तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा तो एवढंच बोलला, "काकू, आई गेली. या आठवड्याचा अंक वाचायचा राहिला तिचा…" ऐंशीच्या घरातली बाई, आणि तिचं राहिलं काय, तर मुखवटे घालून उडणाऱ्या वीरांच्या चित्रकथेचा नवा अंक. दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर मी हसले असते. आक्काच्या बाबतीत मात्र हसण्याचा हक्क मी फार पूर्वीच गमावला आहे. तो कसा, ते सांगितल्याशिवाय मला तिच्याबद्दल धड लिहिता येणार नाही. तिला जाऊन महिना उलटला. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी तिच्यावर लिहिता का विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मी नाहीच म्हणाले होते.

इंदुमती तिचं नाव. माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन शेवगावला आले ते सत्तर साली. ती माझ्याआधी वर्षभर त्या घरात आली होती आणि वर्षभरात तिनं घर खिशात घातलं होतं. माहेर नगरचं. तिचा भाऊ तिथल्या एसटी स्टँडवर वर्तमानपत्रं आणि चित्रकथा विकायचा, त्यामुळे लहानपणापासून या पुस्तकांच्या ढिगातच वाढलेली. सासरी येताना लोक भांडीकुंडी आणतात, हिनं ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली कॉमिक्स आणली होती. दर गुरुवारी दुपारी नगरच्या गाडीनं वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर नवा अंक यायचा. मोठे भाऊजी बाजार समितीत कारकून होते. ते संध्याकाळी घरी येताना तो आणायचे, पण आणायचे वर्तमानपत्राच्या घडीत लपवून. रस्त्यात कोणी पाहिलं तर "पुतण्यासाठी" म्हणायचे. घरात तेव्हा एकही मूल नव्हतं, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आक्का अंक नुसता वाचायची नाही, त्याचा निकाल लावायची. अंकातला मुख्य वीर निळ्या पोशाखातला, पाठीवर लांबलचक निळं वस्त्र सोडलेला. त्याचं छापील नाव चांगलं भारदस्त होतं, पण आक्का त्याला घरच्या पोरासारखं 'निळू' म्हणायची. तांदूळ निवडता निवडता तिचं सुरू व्हायचं. "निळूनं या खेपेला आगगाडी अडवली, एका हातानं. ठीक आहे. पण मग दुसरा हात कमरेवर कशाला? फोटो काढायला उभा आहे का?" किंवा, "चित्रकार बदललाय, शालन. गुडघे बघ, रताळ्यासारखे." गोष्टीचा शेवट घाईत उरकला असेल तर म्हणायची, फोडणी करपली. एकदा तर तिनं, हा माणूस पोशाख धुतो कधी आणि वाळत घालतो कुठे, यावर दळण येईपर्यंत चर्चा केली. दुपारी ओसरीवर जमणाऱ्या आयाबायांना ती अंक आवाज बदलून वाचून दाखवायची. त्यातल्या निम्म्याजणींना अक्षरओळख नव्हती, पण निळूचं काय झालं हे त्या बाजारात भेटल्या तरी विचारायच्या. मला मजा यायची आणि लाजही वाटायची. माझ्या माहेरी हे कळलं तर काय, अशी ती साधी लाज. खरी लाज काय असते ते मला अजून ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरचा मार्गशीर्ष. लढाई सुरू झाली होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या ठकूमावशीचा एकुलता एक मुलगा भानू फौजेत होता आणि त्याचं पत्र येणं थांबलं होतं. मावशी विधवा, डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला हात लावत चालायची. रोज पोस्टात जाऊन बसायची. पोस्टमन नाही म्हणाला की उठून घरी यायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे लक्ष्मीचा घट बसायचा. आक्काचा आवाज गोड, म्हणून तिच्या तोंडून पोथी ऐकायला शेजारणी जमायच्या. पोथी संपली की पोथीला हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, डोकं टेकायचं. मग मावशी घरी जायची आणि बाकीच्याजणी निळूसाठी थांबायच्या.

त्या गुरुवारी मावशी गेली नाही. रिकाम्या घरी जायचं तिच्या जिवावर आलं असावं. खांबाला टेकून बसून राहिली. आक्कानं पोथी देवळीत ठेवली आणि आदल्या आठवड्याचा अंक काढला. तोही पोथीसारखाच पातळ, तसाच भडक वेष्टनाचा. गोष्ट अशी होती की बर्फाच्या डोंगरात काही माणसं अडकली आहेत आणि निळू एकेकाला खांद्यावर घालून खाली आणतो आहे. आक्कानं ती फार रंगवून वाचली. वाचून झाल्यावर तिनं अंक समोरच्या पाटावर, घटाजवळच ठेवला. जवळ दुसरी जागा नव्हती, एवढंच. मावशी गुडघ्यांवर सरकत पुढे आली. चाचपून तिनं अंकावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, घटापुढचं एक झेंडूचं फूल ठेवलं आणि डोकं टेकवलं…

आम्ही सगळ्याजणींनी पदराचे बोळे तोंडात कोंबले.

मावशीनं डोकं वर केलं. "हा कोन्चा देव म्हनायचा, इंदूबाई?"

"हा निळू, मावशी," आक्का म्हणाली. तिचा आवाज हसू दाबल्यामुळे कापत होता.

"आन् समद्यांना सोडवितो व्हय ह्यो?"

"सगळ्यांना. आजवर एक माणूस त्याच्या हातून गेला नाही."

आक्का खोटं बोलली नव्हती. इतके अंक वाचल्यावर काढलेलं ते तिचं मत होतं. मावशीनं अंक डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. तिला रंगाच्या डागापलीकडे काही दिसत नसणार. "पाठीव काय लोंबतंय गं त्येच्या?"

"कुंची," मी म्हणाले. ते माझं शब्दरत्न. तान्ह्या मुलाला घालतात ती, डोक्यावरून पाठीवर येणारी कुंची. माझ्या शेजारची बाई हसू न आवरून उठून बाहेर गेली आणि मला चेव चढला. "केवढा हाय त्यो?" मावशीनं विचारलं, तेव्हा मी तिचं बोट धरून चित्रावर ठेवलं. "एवढासा."

मावशी बोटानं ते चित्र कुरवाळत राहिली. "येवढ्या थंडीत उडतंय लेकरू," ती त्याच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कान झाकाया नगं का? माजा भानू जिता घरी येऊ दे बाबा. म्या तुला नवी कुंची शिवीन, कान झाकनारी."

ती गेल्यावर आम्ही लोळून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आक्काही हसली, पण थांबली सगळ्यांच्या आधी. अंकावरचं कुंकू तिनं पदरानं पुसायला घेतलं, तर ते आणखी पसरलं. "शालन, तिला उद्या सांगायला पाहिजे," ती म्हणाली. मी म्हणाले, सांगू की.

दुसऱ्या दिवशी मावशी पोस्टात गेली नाही. आमच्याकडे आली आणि चिंध्यांच्या बोचक्यातला एखादा निळा तुकडा आहे का म्हणून विचारलं. आक्कानं आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचा पदर फाडून दिला. सांगितलं काहीच नाही. मी मागे उभी होते, मीही नाही. त्या दिवशी मावशीनं आमच्याकडे भाकरी खाल्ली. कित्येक दिवसांत तिला इतकं जेवताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि जेवणाऱ्या माणसापुढे तोंड उघडवेना. पुढच्या गुरुवारी लढाई संपल्याची बातमी आली. मग वाटलं, आता मुलगा आला की सगळं आपोआप मिटेल. तोवर कशाला बोला.

भानू आला होळीच्या सुमाराला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता.

त्यानंतरचा गुरुवार मी विसरू शकत नाही. ओसरीवर बायका होत्या, आक्काच्या हातात अंक होता, पण वाचन रखडत होतं. मावशी भिंत धरत आली. हातात नारळ आणि ती कुंची. आंधळ्या डोळ्यांनी शिवलेली, टाका कुठे मोठा, कुठे बारीक, पण कानाजवळ दुहेरी कापड घातलेलं आणि हनुवटीखाली बांधायला नाड्या. "नवस फेडाया आले," ती म्हणाली. "त्येचं देऊळ लांब आसंल. तू तेवडी पोचती कर, बाई."

आक्का उठली. "मावशी, मला तुम्हाला काही सांगायचंय," ती म्हणाली. "तो… मावशी, तो तसा…"

मावशीला वाटलं, आक्का पायाबद्दल बोलते आहे. तिनं आक्काचा हात थोपटला. "त्येला बोल लावू नगंस, इंदूबाई. म्या 'जिता येऊ दे' म्हनलं, 'धड येऊ दे' म्हनाया इसरले. त्यानं मागितलं तेवडं दिलं. चूक माजी हाय."

आक्कानं पदर पसरला आणि कुंची त्यात घेतली. "पोचती करीन," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? आणि मी, जिनं मावशीचं बोट धरून 'एवढासा' म्हटलं होतं, ती मी नारळ घेऊन आत गेले आणि चुलीपाशी तोंड झाकून बसले. आपण एका चित्राला देव समजावं आणि माणसांनी आपल्याला हसावं, यात मावशीची लाज काहीच नव्हती. सगळी आमची होती. मला आजही तो प्रसंग आठवला की कानशिलं तापतात.

चार दिवसांनी भानू कुबड्या टेकत आमच्या दारात आला. आईनं त्याला सगळं सांगितलं असणार. आक्का पोळ्या लाटत होती, ती पिठाच्या हातानंच बाहेर आली. आता हा काय बोलेल ते ऐकायला ती मान खाली घालून उभी राहिली, मी तिच्या मागे. भानू म्हणाला, "वैनी, ते पुस्तक बगू." आक्कानं कुंकवाचा डाग पडलेला तो अंक आणून दिला. त्यानं ओसरीच्या कडेला बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बर्फाच्या डोंगराच्या पानावर जरा जास्त वेळ थांबला. मग अंक मिटून त्यानं आक्काच्या हातात दिला.

"ह्याला कदी लागत कसं न्हाई, वैनी?"

आक्का पिठाच्या बोटानं अंकावरचा कुंकवाचा डाग पुसत राहिली. एरवी पोशाखाच्या धुण्यावर तासभर बोलणारी ती. भानू उठला, कुबड्या सावरल्या. "आईला काय सांगू नका. तिला तेवडंच बरं वाटतंय," म्हणाला आणि गेला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं आक्का मला पुढे एकदोनदा म्हणाली.

त्या दिवसापासून ओसरीवरचं वाचन बंद झालं. बायका विचारायच्या, आक्का म्हणायची, घसा बसलाय. पण अंक वाचायचं तिनं सोडलं नाही, आणि याचा उलगडा मला बरीच वर्षं होत नव्हता. मला वाटायचं, एवढं झाल्यावर त्या पुस्तकाचं तोंड बघू नये. ती मात्र दर आठवड्याला वाचायची, आणि तिची मतं बदलली. गुडघे कसे काढलेत, हात कमरेवर का, हे सगळं गेलं. अंक मिटला की ती एकच सांगायची. "कोणाला लागलं नाही. खोटा आहे." किंवा क्वचित, "खरचटलं, पण पुढच्या पानावर विसरले." ठकूमावशी गेली, भानूनं पिठाची गिरणी टाकली, आम्ही नगरला राहायला आलो, निळूची पुस्तकं निघायची बंद झाली आणि त्याच्यासारखे दुसरे, परदेशी, चकचकीत कागदावरचे आले. नातू तिला ते आणून द्यायचा. तिचा निकाल तोच. ती जायच्या पंधरा दिवस आधी मी तिला भेटायला गेले, तेव्हा तिनं उशाखालचा अंक काढून मला दाखवला. त्यातला वीर शेवटच्या चित्रात पाठमोरा चालला होता, एक पाय ओढत. "बघ, लंगडतोय," ती म्हणाली. "बरं केलं त्यांनी." पन्नास वर्षांत त्या विषयावर आम्ही जेवढं बोललो, ते असंच, एखाद्या वाक्यापुरतं.

तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली. कॉमिक्सच्या थप्पीवर, मलमलच्या फडक्यात, ती कुंची निघाली. रंग थोडा उतरला होता, बाकी कोरी. घरात तीन पिढ्यांची बाळं झाली, पण आक्कानं ती एकाच्याही डोक्यावर चढवली नव्हती. तिच्या नातसुनेच्या मांडीवर तान्हं होतं. "किती गोड आहे," ती म्हणाली आणि कुंची बाळाच्या डोक्यावर घालायला गेली.

"नको," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"का हो आजी? कोणाची आहे?"

"निळूची."

"कोण निळू?"

"तो उडतो," मी म्हणाले. "त्याचे कान गारठतात."

कोणीतरी फिसकन हसलं. नातसुनेनं तोंडाला रुमाल लावला. म्हातारीचं वय झालं, दुःखानं डोकं चाललं नाही, असं वाटलं असेल पोरांना. ते हसू मी ओळखलं. मी हात पुढे केला, कुंची घेतली आणि तिच्या नाड्या नीट घडीत घातल्या. पोचती करायची राहिली आहे.