शंभर केबीत धवला

आत्या मंगळवारी सकाळी गेली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती उत्तर देत नव्हती.

भेटायला येणारे तिच्या आजारपणाविषयी विचारतात. मी सांगते. मनात मात्र दुसरंच चालू असतं: तिच्या आवाजाचे मी केलेले सात तुकडे, आणि त्यांनी घातलेला गोंधळ. दुखवट्यात हसू नये म्हणतात. मी खिडकीकडे तोंड करून हसून घेते.

आत्या धवलारीण होती, म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, त्या विधीचं गाणं, म्हणणारी बाई. आमच्याकडे धवला सुरू झाला की माणसांचे हात आपोआप त्या त्या कामाला लागतात, आणि सुरू झालेला धवला मध्ये तोडणं अशुभ समजतात. मोबाइलवर मेसेजमधून फोटो आणि आवाज पाठवता येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. काकाच्या मुलीचं लग्न दातिवऱ्याला होतं. हळदीच्या दिवशी सकाळी आत्या घिवलीहून निघाली, बोईसरला एसटी बदलताना पायरीवरून घसरली, आणि दुपारी पायाला प्लास्टर घालून दवाखान्याच्या खाटेवर होती. बाकीचं घर आधीच दातिवऱ्याला पोचलेलं. मी बोईसरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून सोबतीला मी. लग्नाला न जायला मला निमित्त हवंच असतं.

“आता ती शेजारीण म्हणणार,” आत्या म्हणाली. काकाच्या घराशेजारी दुसरी एक धवलारीण राहायची. “ती धवला म्हणते का बोंबील मोजते, कळत नाय. आपल्या पोरीला माझाच गळा पायजे.”

“मग फोनवरून म्हण.”

“मांडवात फोन लागतो कुठं? गच्चीवर जावं लागतं.”

तेव्हा मी मेसेजची युक्ती काढली. काकाने गच्चीवर मेसेज घ्यायचा आणि खाली मांडवात येऊन वाजवायचा. व्याख्यानं टिपायला घेतलेला रेकॉर्डर मी ग्रंथालयातून आणला. आत्याने पाय उशीवर ठेवून तासभर म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी दोनदा डोळे पुसले.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर एकेक फाइल भलीमोठी. आमच्या फोनवरून शंभर केबीच्या वरचा मेसेज जात नसे. एएमआर नावाच्या प्रकारात बदलली तर तेवढ्यात मिनिटभर आवाज मावतो, हे एका फुकटच्या प्रोग्रॅमने शिकवलं. मात्र हा प्रकार बोलण्यासाठी केलेला. गाण्यातलं बरंच काही तो गाळून टाकतो. एक तुकडा फोनवर घालून मी आत्याला ऐकवायला नेला.

“ही कोण मडक्यात पडलेली बाई?”

“तूच. जरा दाबली आहे.”

“आणि सोळा कडव्यांची तीनच?”

“मिनिटात तेवढीच बसतात.”

“डोकी-शेपटं तोडलीस ती तोडलीस, निदान मधला तुकडा तरी चांगला दे,” असं म्हणून तिने कोणती कडवी ठेवायची ते स्वतः सांगितलं. सात विधींचे सात तुकडे झाले. संध्याकाळी ते हळदीपासून पाठवणीपर्यंत, अगदी क्रमाने पाठवले. त्या क्रमाचा मला अभिमान वाटला. ग्रंथालयात आम्ही दुसरं करतो काय.

तासाभराने, मी दवाखान्यात परतले होते तेव्हा, काकाचा गच्चीवरून फोन आला.

“पोरी, हळदीला रडायचं असतं का गो?”

“म्हणजे?”

“वरचा मेसेज लावला, तर पाठवणीचा लागला. तुझी काकू हमसून रडते हाय. नवरी रडते हाय. नवरा तर उद्या यायचा हाय.”

फोनच्या यादीत शेवटी आलेला मेसेज सगळ्यात वर दिसतो, हे सांगायला मी विसरले होते. धवला तोडायची कोणाची छाती झाली नव्हती. नवरीची ओटी भरून तिला उंबऱ्यापर्यंत नेलं आणि पुन्हा पाटावर आणून बसवलं होतं. शेजारीण म्हणत होती, यंत्राकडून आणखी काय होणार, सरका, मी म्हणते.

आत्याला सांगणं भाग होतं. काकाला फोनवर थांबवून मी सांगितलं आणि शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. तिने माझ्या हातून फोन घेतला.

“चुकलं नाय काय. मीच तसं लावायला सांगितलं हिला. रडणं आधी उरकायचं, मग हळद. म्हणजे पोर डोळे कोरडे ठेवून सासरला जाते. आजीच्या वेळची रीत हाय.”

“आजी माझी पण होती,” काकाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. “मी नाय बघितली अशी रीत.”

“तू पाळण्यात होतास. आता सगळ्यात खालचा लाव आणि वर वर ये. आणि शेजारणीला ठाऊक नसंल तर शिकव तिला.”

फोन परत देताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, “दात काढू नको. धवलारणीच्या भाचीला शोभत नाय.”

दुसऱ्या दिवशी नवरी खरंच न रडता गेली. आदल्या दिवशी पोटभर रडली होती, त्याचाच परिणाम असावा. पण मांडवातल्या बायकांनी ते पाहिलं. पुढच्या वर्षी शेजारणीने स्वतःच्या पुतणीच्या लग्नात हळदीआधी पाठवणी म्हटली, आणि ही आपल्या आजीची रीत असल्याचं सांगितलं. आत्या दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी चिडली. “माझी आजी चोरली बयेने.”

बऱ्याच वर्षांनी, ती माझ्याकडे राहायला आल्यावर, मी तिला विचारलं होतं, अशी रीत खरंच होती का. ती वाल सोलत होती. “आता हाय ना,” म्हणाली.

परवा काका भेटायला आला होता. दातिवऱ्यात काही घरांतून पाठवणीचा धवला अजून हळदीआधी म्हणतात, असं त्याने सांगितलं. आता म्हणणारी मुलगी नवी आहे. तिने आत्याला कधी पाहिलं नव्हतं.