सांडवा मी आखला होता

चिखलीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात अजूनही सांगतात, की नाल्यावरचा मातीचा बांध माझ्या थोरल्या भावाच्या चुकीनं फुटला. ते खरं नाही. सांडवा मी आखला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी दूर दक्षिणेत, कॅथलिक फादरांच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होतो. तिथली रीत वेगळी होती. पहिली दोन वर्षं तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, इतिहास, इंग्रजी कविता आणि जोडीला गणित, ड्रॉइंग. पाणी, माती, बांधकाम हे सगळं तिसऱ्या वर्षापासून. आधी माणूस घडू द्या, मग त्याच्या हाती पूल द्या, असं नीतिशास्त्राचे फादर म्हणायचे. मला ते पटायचं. पण इंजिनिअर व्हायला गेलेला मुलगा कविता वाचतोय, हे गावात कसं सांगणार? भाऊ शाळा सोडून वावरात राबत होता तो माझ्यासाठीच. त्यालाही मी सांगितलं नाही.

पहिलं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळी सुट्टीत गावानं श्रमदानातून बांध घालायला घेतला. त्याच्याखालचं पहिलं वावर आमचंच. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून द्यायची वाट, किती रुंद ठेवायचा एवढंच ठरायचं होतं.

"इंजनेर आपल्या घरातच हाये, त्यालेच इचारा," भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला. त्या वेळी त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तो मला मोडवला नाही.

भाजीपाला करणारा एक म्हातारा माळी मला काठावरच्या बाभळींपाशी घेऊन गेला. फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या. पूर कुठवर चढतो ते हे झाड सांगतं, त्या मानानं वाट सोड, असं त्याचं म्हणणं. मी वही काढली, ज्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे काही गुणाकार केले आणि म्हणालो, याच्या निम्मी पुरे. कठीण मुरूम कमी खणावा लागणार म्हणून लोक खूश झाले.

"कागदावर पानी चढत नाही बाप्पा, म्हनून सोपं हाये," म्हातारा म्हणाला. लोक त्यालाच हसले. मी बोट दाखवलं तिथं भावानं खुणेची पांढरी फक्की टाकली.

भादव्यात भावाचं पत्र आलं. एका दुपारच्या पावसात बांध फुटला. माणसं-जनावरं वाचली, पण आमच्या वावरातली काळी माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "फक्कीची रेघ माझ्याच हातून आत सरकली, म्हणून सांडवा तू सांगितल्याहून अरुंद झाला, असं मी गावात सांगितलं आहे. तू अभ्यासात लक्ष दे." रेघ सरकली नव्हती. उत्तराच्या पत्रात मी फक्त सगळ्यांची खुशाली विचारली. त्याच सहामाहीत 'सत्य आणि व्यवसाय' या विषयावर मी निबंध लिहिला. फादरांनी तो वर्गात वाचून दाखवला. तिसऱ्या वर्षी पुस्तकात आलं, की पुराची उंची झाडांवर अडकलेल्या काडीकचऱ्यावरून घ्यावी.

वीस वर्षं मी गप्प राहिलो. पाटबंधारे खात्यात मोठ्या जागेवर पोचलो. नवा बांध झाला तेव्हा गावानं मला बोलावलं. मारुतीच्या पारावर माझ्या गळ्यात हार घातला, आणि भाऊ मागे, चपलांच्या ढिगापाशी बसलेला दिसला. मी उभा राहून सगळं सांगितलं. मला तेव्हा काही येत नव्हतं, भावाचा दोष नाही, हेही सांगितलं.

पुढे बसलेला एक जण म्हणाला, "पाहा, भाऊ असावा तं असा. थोरल्याची चूक आपल्या आंगावर घेऊन राह्यला."

माना डोलल्या. मी नाही नाही म्हणत राहिलो, तसतसा त्यांच्या नजरेत चढत गेलो. भावाकडे वळून कुणीतरी कीव केल्यासारखं हसलं.

घरी जाताना मी त्याला विचारलं, तू तरी उठून का बोलला नाहीस.

"तवा मी बोललो ते लोकायनं लगेच मानलं," तो म्हणाला. "आज तू बोलला, कोनी मानलं नाही. आता राहू दे."

आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला. सकाळी मी निघालो, तेव्हा एसटीच्या थांब्यावर गावातल्या दोघा जणांनी मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.