गोपिकाबाईंनी वारा निवडला

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत गोपिकाबाई निखाडे यांनी उमेदीची सगळी वर्षं बायकांच्या गेटवर काढली. काम एकच. पाळी सुटली की घरी निघालेल्या बायांची झडती घ्यायची. कुणाच्या डब्यात पोळीखाली सुताची गुंडी निघायची, कुणाच्या अंबाड्यात कापडाची चिंधी. त्यातून बाईंचा स्वतःचा एक नियम तयार झाला होता. जी बाई न विचारता डबा उघडून दाखवते, तिची कंबर आधी चाचपायची. निवृत्त झाल्या आणि गेट सुटलं, पण हाताची सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा, गॅसवाल्याचं सिलिंडर, शेजारणीने केलेलं कौतुक, सगळं त्या चाचपूनच घ्यायच्या.

म्हणून मे महिन्यात सून एकाएकी गोड वागायला लागली तेव्हा बाईंच्या कपाळाला आठी पडली, ती पडलीच.

सुरुची वाईट कधीच नव्हती. पण ओट्यावर चहा झाकून ठेवून ऑफिसला पळणारी ती मुलगी आता कप हातात आणून द्यायला लागली. सीताबर्डीच्या बाजारातून न सांगता सुती गाऊन आणला. रविवारी सकाळी तर्री-पोहे आणले आणि वर विचारलं, "आई, तिखट जास्त तर नाही ना झालं?" एवढं कोण विचारतं हो? आणि रोज संध्याकाळी सुरुची आणि बाईंचा मुलगा अंकित खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि हळू आवाजात बोलायचे. बाहेर कूलर असा घरघरत असायचा की शब्द एक हाती लागत नसे. एकदा पाणी भरायच्या निमित्ताने बाईंनी कूलर बंद करून पाहिला. तर आतलं बोलणंही बंद! ज्याच्या मनात काही नाही, तो कूलर बंद झाल्यावर गप्प कशाला होईल?

त्यांना काय वाटत होतं ते सरळच सांगते. त्यांना वाटत होतं की पोरं घर सोडून चालली आहेत. नत्थूजी, म्हणजे बाईंचे यजमान, गेले तेव्हा अंकित-सुरुची भाड्याच्या घरात राहत होते. तेरवी आटोपली, पाहुणे गेले आणि मानेवाड्याच्या याच घरात बाई काही महिने एकट्या राहिल्या. दाराची कडी लावली की नाही हे बघायला त्या पुन्हा पुन्हा उठायच्या. टीव्ही नुसता चालू ठेवायच्या. एका माणसापुरता भात शिजवताना त्यांना रडू यायचं, भात तसाच राहायचा. पण अंकितने "आई, येऊ का आम्ही?" विचारलं तेव्हा काय म्हणाल्या? "मले काय होते एकटीले? तुमची सोय पाहा." पोरं आपणहून आली म्हणून निभावलं. ते दिवस परत आले तर आपण टिकणार नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. आणि हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

अशात सुरुचीने तो खेळ काढला.

खेळ घरात नवा नव्हता. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं-पाचजण बसायचे. ऋषिकेश नावाचा अंकितचा मित्र एक गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. अंकित लढवय्या, सुरुची चोर, तिची मैत्रीण मिनल वैदू. गोष्टीत संकट आलं की आपण काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं. त्यांची जादूगारीण झालेली मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि खुर्ची रिकामी पडली.

"आई, तुम्ही बसता का तिच्या जागी?" सुरुचीने विचारलं.

"मी? मले काय येते त्यातलं?"

"यायचं काही नसते. फक्त तुमची जादू कशाची ते ठरवायचं. आग, पाणी, माती, वारा. एक घेतलं की सगळे मंत्र त्याचेच. तुम्हाले मनापासून जे वाटते ते घ्या."

मनापासून! बाईंना त्या शब्दाचाच वास आला. सासूच्या मनात काय आहे हे सुनेला कशाला हवं? ही झडती होती. फक्त या वेळी गेटवर दुसरंच कुणी उभं होतं. तरी त्या हो म्हणाल्या. झडती टाळणारी बाई लगेच पकडली जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आठवडाभर त्यांनी डोकं लढवलं. आधी फासे तपासले. ग्लासात दाट मिठाचं पाणी केलं आणि तो वीस बाजूंचा फासा त्यात सोडला. एका बाजूला वजन लपवलेलं असेल तर तीच बाजू सारखी वर येईल, असा हिशेब. फासा दर वेळी वेगळाच आकडा दाखवत तरंगत राहिला. "आई, काय करून राहिल्या?" सुरुचीने मागून विचारलं. "धुऊन राहिली," बाई म्हणाल्या, "किती हात लागते त्याले." सुरुची हसली नाही. हसली असती तर बाईंचा जीव जरा भांड्यात पडला असता.

मग एकेक जादू चाचपून झाली. ऋषिकेशने फोनवर सांगितलं, "काकू, आग घ्या, सगळ्यात मजा तिच्यातच येते." घरात सून असताना सासूने आग घ्यायची? उद्या गल्लीत गोष्ट व्हायला वेळ लागणार नाही. आग बाद. मिनल म्हणाली की पाण्याने दुसऱ्यांच्या जखमा भरता येतात. म्हणजे बाकीचे लढाया करणार आणि आपण मागे बसून सगळ्यांची फडकी धुणार. इथेही तेच! पाणी बाद. अंकित म्हणाला, "माती घे, आई. मातीवाल्याले जागेवरून कोणी हलवू शकत नाही. सगळे पुढे गेले तरी तो एकटा गड राखते." सगळे पुढे गेले तरी एकटा! पोटच्या पोराने तोंडावर सांगितलं, आणि तेही खेळाच्या नावाखाली. माती बाद.

राहिला वारा. "वारा तसा कमजोरच आहे, काकू," ऋषिकेश म्हणाला. "मोठं काही फोडता येत नाही. जोराचा झोत मारता येते, अन् दूरचं बोलणं कानावर आणता येते."

"बंद दाराआडचं?"

"हाव. फासा चांगला पडला तर."

"मग वाराच लिही बाबू," बाई म्हणाल्या. कूलरपुढे हरलेल्या बाईला दुसरं काय हवं होतं?

रविवारी खेळ सुरू झाला. बाई सुरुवातीला अवघडल्या, पण गोष्टीत एक किल्ला आला, किल्ल्याला दरवाजा आला आणि दरवाज्यावर पहारेकरी आला. बाई लगेच सरसावल्या. पहारेकरी हसून "या, या" म्हणाला तर त्यांनी त्याचीच झडती घ्यायला लावली. फासा सतरा पडला. ऋषिकेशला नाइलाजाने सांगावं लागलं की त्याच्या पागोट्यात शत्रूच्या खोलीची किल्ली होती. मिनलने टाळी वाजवली. "आमच्या जादूगारणीनं असं कधीच केलं नव्हतं!" बाई चक्क लाजल्या. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

किल्ल्याच्या आत गेल्यावर अंकित म्हणाला, "मी अन् सुरुची बाजूच्या दालनात जातो. दार लावून घेतो. पुढचा बेत करायचा आहे."

खेळात अशा गोष्टी होतातच. पण बाईंच्या डोळ्यांपुढे घरातलं दार उभं राहिलं. त्या सावरून बसल्या.

"मी वारा सोडते," त्या म्हणाल्या. "दाराआड दोघं काय बोलून राहिले ते मले ऐकायचं आहे."

"आपल्याच माणसांवर, काकू?" ऋषिकेशला हसू आलं.

"आपलेच आहेत म्हणून तर. चालते का नाही चालत ते सांग."

"चालते." त्याने फासा पुढे केला. बाईंनी टाकला. एकोणीस. "लागला! सुरुची, अंकित, दाराआड काय बोललात ते आता खरं खरं सांगा. काकूले सगळं ऐकू येऊन राहिलं."

अंकित जुळवाजुळव करत काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर सुरुचीकडे गेली. सुरुची टेबलाकडे बघत होती.

"मी त्याले म्हणते," ती म्हणाली, "का आईला सोडून कसं जायचं."

"सुरुची!" अंकित म्हणाला.

"किती दिवस लपवू? मले आता नाही होत." ती बाईंकडे वळली. "आई, अंकितला हैदराबादला मोठ्या जागेवर बोलावून राहिले. जायचं का नाही ते या आठवड्यात कळवायचं आहे. अजून ठरलं नाही. तुम्ही तर हे घर सोडून यायच्या नाही. गेलोच तर रविवारी तरी घरात माणसं यावी, मिनल अन् ऋषिकेश इथंच आहेत, म्हणून तुम्हाले खेळात बसवलं."

बाईंना आधी वाटला तो विजय. संशय खरा निघाला होता, लपवलेलं सापडलं होतं. पण हा विजय फार वेळ टिकला नाही. मग आला राग.

"अन् मले काहून नाही सांगितलं? मी काय अडवणार होती का?"

"नाही ना," सुरुची म्हणाली. आता ती उघड रडत होती. "तुम्ही लगेच जा म्हणाल, याचंच भेव होतं. तुम्ही जा म्हटलं असतं तर आमच्यापाशी राहायले कारणच उरलं नसतं. मले नाही जायचं, आई. यालेही आतून नाही जायचं. पण तुम्हाले आमची गरज आहे, असं तुम्ही कधी म्हणतच नाही."

आयुष्यभर बाईंनी दुसऱ्यांचे डबे उघडले. आपला स्वतःचा कुणी उघडायला आलं की "काही नाही त्यात" म्हणून मोकळ्या झाल्या, आणि लोकांनी त्यांच्यावर विश्वासही ठेवला. आत्ताही "जा" हा शब्द तोंडात तयारच होता. "जा बाबू, तुमची सोय पाहा." म्हणायला काहीच जड नव्हतं. अंकित त्यांच्याकडे बघत होता आणि तोच शब्द ऐकायच्या तयारीने त्याने चेहरा घट्ट केला होता.

"मले भेव लागते गा," बाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की मिनलने कान पुढे केला.

"एकटीले लय भेव लागते मले, अंकित. तुह्या बाबाच्या मागून मी रात्र रात्र जागी राहिली. तू नोको जाऊ."

अंकितने आपल्या आईला काही मागताना जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याचा चेहरा सैल पडला. तो उठून आला आणि लहानपणीसारखं तिच्या मांडीवर डोकं टेकून, मित्रांची पर्वा न करता, हुंदके देऊन रडायला लागला.